ओले बोरूद यांची ध्वनिमुद्रणे – गॉस्पेल, मेटल आणि सोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओले बोरूद कोण आहेत?

१९७६ साली जन्मलेले ओले बोरूद हे नॉर्वेतील गायक, गीतकार, गिटारवादक आणि इतरही अनेक वाद्ये सराईतपणे वाजवणारे संगीतकार आहेत. मेटल, म्हणजे जोरकस गिटार आणि ड्रमचे रॉक, ऐकणारे त्यांना एक्स्टॉल या बँडचे गिटारवादक म्हणून ओळखतात, सोल आणि फंक, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ठेकेबाज संगीत, ऐकणारे त्यांना ‘शेकिन द ग्राउंड’ आणि ‘कीप मूव्हिन’ या अल्बमांचे गायक म्हणून ओळखतात, तर नॉर्वेतील चर्चच्या वर्तुळातील जुन्या पिढीच्या लेखी ते अर्नोल्ड बोरूद यांचे चिरंजीव आहेत. या तीन श्रोतृवर्गांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न ‘हा तोच माणूस आहे का?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे.

त्यांची सुरुवात मेटलपासून झाली की गॉस्पेलपासून?

गॉस्पेलपासून, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीतापासून, आणि तीही अगदी बालपणी. वडील अर्नोल्ड बोरूद हे नॉर्वेजियन गॉस्पेल संगीतातील परिचित नाव. ‘बोरूद-येंगेन’ हा त्यांचा गट होता आणि पुढे कुटुंबातील मंडळींना घेऊन त्यांनी ‘अर्नोल्ड बी. फॅमिली’ या नावाने कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे केली. ओले लहान असतानाच त्यात गाऊ लागले. कीर्तनकाराच्या घरातील मुलाला आपण हातात टाळ नेमके कधी धरले हे सांगता येत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. ध्वनिमुद्रणाची खोली, मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभे राहायचे, मुख्य आवाजाच्या वर किंवा खाली आपला स्वर कसा लावायचा, या गोष्टी त्यांना वेगळ्या शिकाव्या लागल्या नाहीत.

पुढील सर्व कारकीर्द समजून घेताना हा आरंभ ध्यानात ठेवावा लागतो. मेटलमधील त्यांचे नाव आधी परदेशी पोहोचले आणि सोल अल्बम नंतर आले, म्हणून ‘मेटलवाला सोलकडे वळला’ अशी मांडणी सर्रास केली जाते. कालक्रमाच्या दृष्टीने ती उलटी आहे. घरचे संगीत आधीचे आहे, मेटल ही तारुण्यातील स्वतःची निवड आहे, आणि सोल अल्बम म्हणजे प्रौढ वयात घरच्या संगीताकडे नव्या तयारीने पुन्हा पाहणे आहे.

नॉर्वेसारख्या ल्यूथरन देशात गॉस्पेल संगीत रुजले कसे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमध्ये घडलेले हे संगीत नॉर्वेत नुसते आयात झाले असते, तर बोरूद यांच्यासारखी घरे तिथे तयार झाली नसती. त्यासाठी जमीन आधीपासून तयार होती. हान्स निल्सन हाउगे (१७७१–१८२४) या शेतकरी कुटुंबातील उपदेशकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस देशभर पायी फिरून सामान्य माणसांच्या प्रार्थनासभा भरवायला सुरुवात केली. त्या काळी धर्मगुरूंच्या देखरेखीवाचून अशा सभा घेण्यास कायद्याने मनाई होती. १७४१चा तो हुकूम १८४२मध्ये रद्द झाला. पुढे गावोगावी ‘बेदेहुस’ म्हणजे प्रार्थनाघरे उभी राहिली. चर्चमध्ये ऑर्गन आणि गंभीर स्तोत्रे असत, तर प्रार्थनाघरात गिटार, अकॉर्डियन आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची सोपी गाणी असत. तिथे संगीत ही धर्मगुरूंची मक्तेदारी नव्हती.

दुसरा धागा पेंटेकोस्टल चळवळीचा आहे. मेथडिस्ट धर्मगुरू टॉमस बॉल बॅरॅट निधी गोळा करण्यासाठी अमेरिकेत गेले असताना १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये त्या चळवळीच्या प्रभावाखाली आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लोमध्ये परतून त्यांनी तिचा प्रसार सुरू केला. भावनेला मोकळी वाट देणारे गायन आणि अमेरिकेशी असलेला थेट संपर्क या दोन्ही गोष्टी तिच्यामुळे आल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याला तरुणांच्या गायकवृंदांची जोड मिळाली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बर्गनमध्ये धर्मगुरू शेल ग्रोनर यांनी ‘टेन सिंग’ ही किशोरवयीनांच्या गायनाची चळवळ उभी केली, १९७३ साली उल्स्टाइनविक येथे पेर ओद्वार हिल्द्रे यांच्या नेतृत्वाखाली ‘स्क्रुक’ हा गायकवृंद सुरू झाला, आणि १९८८मध्ये तोरे डब्ल्यू. ओस यांनी ‘ओस्लो गॉस्पेल क्वायर’ स्थापन केला, ज्याने अमेरिकी धाटणीच्या गॉस्पेलला नॉर्वेत मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. ओले बोरूद यांचे बालपण आणि पौगंडावस्था या लाटेतच गेली. ठेका मागच्या बाजूला झुकलेला, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यांची जोड, जॅझकडून घेतलेले स्वरसंघात (कॉर्ड) आणि शेवटच्या कडव्यात अर्धा सूर वर सरकणारी पट्टी, ही सगळी सामग्री त्यांच्या कानावर शाळकरी वयातच पडत होती.

नॉर्वेचे मेटल तर चर्च जाळणाऱ्यांचे मानले जाते. मग ख्रिस्ती मेटल तिथे कसे?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

१९९०च्या दशकाच्या आरंभी ओस्लो आणि बर्गनच्या आसपास ब्लॅक मेटलचा जो छोटा गट तयार झाला होता, त्यातील काहींनी खरोखरच गुन्हे केले. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फान्टोफ्टचे लाकडी स्तंभ-चर्च जळून खाक झाले आणि त्यानंतर आणखी चर्चना आगी लागल्या. १० ऑगस्ट १९९३ रोजी मेहेम या बँडचे गिटारवादक ओयस्टाइन ओर्सेत यांचा खून झाला. बुर्झुम या नावाने संगीत करणाऱ्या वार्ग विकर्नेस यांना त्या खुनासाठी आणि चर्चजाळपोळीसाठी १९९४ साली २१ वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या नॉर्वेजियन कायद्यातील कमाल शिक्षा झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे चित्र उचलून धरले, आणि नॉर्वेचे मेटल म्हणजे एवढेच असा समज तेव्हापासून पक्का झाला.

पण त्याच वर्षांत त्याच शहरांच्या उपनगरांत प्रार्थनाघरांत वाढलेली मुलेही तेच संगीत ऐकत होती. त्यांना डिस्टॉर्शनने मुद्दाम विकृत केलेला गिटारचा आवाज, जलद दुहेरी बास ड्रम आणि घशातून काढलेला खरखरीत आवाज आवडत होता. जाळपोळ आणि सैतानपूजा त्यांना मान्य नव्हती. १९८९ साली ‘क्रश ईव्हल’ या नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘अँटेस्टर’ झालेला बँड त्यांतला पहिल्या काहींपैकी. त्याचा १९९८चा अल्बम कॅकोफोनस रेकॉर्ड्स या ब्रिटिश कंपनीने काढला. हीच कंपनी क्रेडल ऑफ फिल्थ या ब्रिटिश मेटल बँडचा पहिला अल्बम काढणारी, म्हणजे धर्माशी देणेघेणे नसलेली. पुढे २००५च्या ‘द फोर्सेकन’ या अँटेस्टरच्या अल्बमवर ड्रम वाजवले ते मेहेमचेच हेलहॅमर, म्हणजे यान आक्सेल ब्लोम्बर्ग, यांनी. वादकांच्या पातळीवर हे दोन गट वर्तमानपत्री मथळ्यांत दिसतात तितके एकमेकांपासून तुटलेले नव्हते.

१९९४ साली ‘होर्डे’ या नावाने निघालेला ‘हेलिग उस्वार्त’ हा अल्बम नॉर्वेजियन भासत असला, तरी तो ऑस्ट्रेलियाच्या जेसन शेरलॉक यांचे काम होता, हेही येथे नोंदवावे, कारण त्याचा उल्लेख करताना अनेक जण त्याला नॉर्वेच्या खाती टाकतात.

बोरूद यांचे पहिले महत्त्वाचे मेटल ध्वनिमुद्रण कोणते?

‘शालियाख’ या दोन जणांच्या गटाचा ‘सॉनराइज’ हा अल्बम. तो १९९६ साली पेट्रोलियम रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. पीटर दालबाक यांचे गायन आणि वाद्यांचा बराचसा भार बोरूद यांच्यावर, अशी विभागणी होती. संथ लय, लांबलचक सुरावटी, खोल खरखरीत गायन आणि मधूनच येणारे मृदू गिटारचे तुकडे, अशी डूम आणि डेथ मेटल यांच्या सीमेवरची ही शैली आहे. इंग्लंडच्या पॅराडाइज लॉस्ट या बँडची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते.

त्या वेळी बोरूद वीसही पूर्ण झालेले नव्हते किंवा जेमतेम होत होते. अल्बमचे ध्वनिमुद्रण साधे आहे, काही ठिकाणी ड्रमचा आवाज पातळ वाटतो, परंतु एकावर एक चढवलेल्या दोन-तीन गिटारांच्या सुरावटी ज्या पद्धतीने एकमेकींना उत्तर देतात, ती पद्धत गायकवृंदातील आवाज वाटून देणाऱ्याची आहे. मेटलमध्ये दोन गिटार तृतीय स्वराच्या अंतराने समांतर चालवणे नेहमीचे. इथे मात्र खालचा स्वर स्वतःच्या वाटेने जातो आणि ओळीच्या शेवटी भेटतो. शालियाखने यापुढे दुसरा पूर्ण अल्बम त्या काळात काढला नाही, तरीही ‘सॉनराइज’ला ख्रिस्ती डूम मेटलमध्ये जे स्थान मिळाले, ते अजून टिकून आहे.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या रो प्रॉडक्शन्स या कंपनीने ‘नॉर्दर्न लाइट्स’ हा नॉर्वेतील अशा बँडांचा संग्रह काढला होता, ज्यात शालियाख आणि एक्स्टॉल दोघेही होते. परदेशातील श्रोत्यांना या मुलांची पहिली ओळख बहुधा अशाच संग्रहांतून झाली.

एक्स्टॉलमध्ये त्यांचे स्थान काय होते?

एक्स्टॉल हा बँड १९९०च्या दशकाच्या आरंभी ओस्लोच्या पश्चिमेकडील बेक्केस्तुआ या उपनगरात सुरू झाला. गायक पीटर एस्पेव्होल, त्यांचे बंधू गिटारवादक क्रिस्टर एस्पेव्होल, ड्रमवादक डेव्हिड हुस्विक आणि बासवादक आयस्टाइन होल्म हे आरंभीचे सदस्य. बोरूद १९९६च्या सुमारास गिटारवादक म्हणून आले. म्हणजे ते संस्थापक नव्हेत. परंतु बँडच्या ध्वनीला जो आकार पुढे आला, तो त्यांच्या आगमनाशिवाय तसा आला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला अल्बम ‘बरियल’ १९९८ साली स्वीडनच्या एंडटाइम प्रॉडक्शन्सने काढला आणि अमेरिकेत सॉलिड स्टेट या कंपनीने. त्यात ‘रेनहेतेन्स एल्व’, ‘इनबिडेल्से’ आणि ‘येसुस कोम तिल योर्देन फोर ओ दो’ अशी नॉर्वेजियन गाणीही आहेत. शेवटच्या गाण्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘येशू मरण्यासाठी पृथ्वीवर आला’ असा आहे आणि प्रार्थनाघरातील स्तोत्राच्या ओळीसारखेच ते आहे. १९९९मध्ये ‘मेस्मराइज्ड’ हे छोटे प्रकाशन आले.

२०००चा ‘अनडिसीव्हड’ हा या बँडचा सर्वांत परिपूर्ण अल्बम, असे मानणाऱ्यांत मी आहे. डेथ मेटलचा वेग, ब्लॅक मेटलची कडवट सुरावट, लोकसंगीताची चाल, तंतुवाद्ये आणि अचानक येणारे स्वच्छ गायन, हे सारे त्यात एकत्र आहे, पण कुठेही ठिगळ वाटत नाही. पीटर एस्पेव्होल यांचा खरखरीत आवाज आणि बोरूद यांचा स्वच्छ आवाज यांचा जो संवाद त्यात आहे, तो पुढे अनेक बँडांनी वापरून गुळगुळीत केला. इथे तो अजून ताजा आहे. याच अल्बममध्ये ‘ऑफ लाइट अँड शेड’ हे गाणे आहे, ज्याचे नाव पुढे बँडवरील माहितीपटाला दिले गेले.

२००१च्या ‘पॅरॅलिसिस’मध्ये त्यांनी अमेरिकेच्या बिलीव्हर या बँडचे गाणे नव्याने वाजवले. ही निवड सूचक आहे, कारण बिलीव्हर हा थ्रॅश मेटलमध्ये तंतुवाद्यांचा प्रयोग करणारा, तांत्रिक बाजू भक्कम असलेला ख्रिस्ती बँड होता आणि एक्स्टॉलचे पुढचे पाऊल त्याच दिशेने पडले. २००३चा ‘सिनर्जी’, जो युरोपात सेंच्युरी मीडियाने काढला, त्यात वेगवान थ्रॅश, तुटक आणि विषम मात्रांचे आवर्तन, आणि जॅझच्या अंगाने जाणारे गिटार आहे. ‘अनडिसीव्हड’च्या मानाने तो कोरडा वाटू शकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातील मात्रांचा हिशेब डोईजड होतो, आणि त्यात श्रोत्याचा दोष नाही. पण तीन-चार वेळा ऐकल्यावर हुस्विक यांचा ड्रम आणि गिटारचा उजवा हात किती काटेकोर एकत्र बसले आहेत ते कळते, आणि मग अल्बम उलगडतो.

‘द ब्लूप्रिंट डाइव्ह्ज’मध्ये बोरूद आहेत का?

नाहीत. २००५च्या त्या अल्बममध्ये गिटार आणि बासची जबाबदारी ओले हाल्वार्द स्वेन, तोर माग्ने ग्लिद्ये आणि यॉन रॉबर्ट म्योलान यांच्याकडे होती. यांतल्या एकाचे नावही ‘ओले’ असल्यामुळे गोंधळ होतो, एवढेच. अल्बम स्वतंत्रपणे चांगला आहे, त्याचा पोत मात्र वेगळा, अधिक वातावरणप्रधान आणि कमी डेथ मेटल असा आहे. त्यानंतर २००७च्या सुमारास बँडने विश्रांती घेतली.

एकल अल्बम कोणते, आणि ते ऐकताना काय अपेक्षा ठेवावी?

‘की-रो’ (२००२) हे त्यांच्या नावावरचे पहिले एकल प्रकाशन. परंतु ज्यांमुळे ते सोल आणि फंकच्या श्रोत्यांमध्ये ओळखले जाऊ लागले, ते अल्बम त्यानंतरचे : ‘शेकिन द ग्राउंड’ (२००८), ‘कीप मूव्हिन’ (२०११), ‘स्टेपिंग अप’ (२०१४) आणि ‘आउटसाइड द लिमिट’ (२०१९).

या अल्बमांत एक्स्टॉलची कोणतीही सावली शोधू नये. ब्रास वाद्यांचे छोटे, टोकदार प्रतिसाद, स्वच्छ गिटारचे कातरल्यासारखे ठेके, उंच खोट्या आवाजातील (फॉल्सेटो) स्वर, आणि प्रत्येक ओळीमागे तीन-चार पदर असलेला सहगायनाचा थर, असा त्यांचा सर्वसाधारण पोत आहे. संगीत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ-परंपरेला जवळचे आहे. एका गोष्टीची तक्रार नोंदवावी लागेल : ही ध्वनिमुद्रणे इतकी निर्दोष घासून-पुसून सादर केली आहेत की कधी कधी एखादा खरखरीत श्वास किंवा निसटलेली मात्रा यांची आठवण येते. ज्याच्या हातात सर्वच वाद्ये येतात त्याच्यापुढचा हा नेहमीचा धोका आहे. ‘कीप मूव्हिन’ त्याला सर्वांत कमी बळी पडतो, म्हणून तो मी इतरांआधी सुचवतो.

‘वेस्ट कोस्ट’ किंवा ‘एओआर’ (अ‍ॅडल्ट ओरिएंटेड रॉक, म्हणजे प्रौढ श्रोत्यांसाठीचे रॉक) हे शब्द त्यांच्या अल्बमांच्या वर्णनात का येतात?

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात काही थोडक्या स्टुडिओ-वादकांनी रॉक, सोल आणि जॅझ यांची सरमिसळ असलेले, अतिशय काळजीपूर्वक ध्वनिमुद्रित केलेले संगीत तयार केले. स्टीली डॅन या अमेरिकी बँडचा १९७७चा ‘एजा’ हा त्याचा सर्वपरिचित नमुना. त्याच वर्षी स्थापन झालेला टोटो हा बँड याच वादकांच्या वर्तुळातून निघाला; मायकल मॅकडोनाल्ड, ज्यांनी स्टीली डॅनच्या ध्वनिमुद्रणांवर सहगायन केले होते, ते डूबी ब्रदर्समध्ये जाऊन त्या बँडचा आवाजच बदलून बसले. अमेरिकेत १९८०च्या दशकात या संगीताची चलती ओसरली, पण जपान आणि स्कॅन्डिनेव्हिया येथे त्याचे निष्ठावंत श्रोते राहिले. त्या श्रोत्यांसाठी बोरूद यांचे अल्बम म्हणजे त्या परंपरेचा नवा पुरवठा होता, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेही लवकर.

यातील स्वरसंघातांचे एक उदाहरण पाहा. स्टीली डॅनच्या मंडळींनी साध्या मेजर स्वरसंघातात दुसरा स्वर मिसळून एक आवडता स्वरसंघात घडवला होता, ज्याला ते ‘म्यू मेजर’ म्हणत. त्यात सुखदुःखाचा निर्णय लांबणीवर पडल्यासारखा वाटतो. गॉस्पेलच्या सहगायनात याच प्रकारचे स्वर शेजारी-शेजारी ठेवले जातात. म्हणून गॉस्पेलच्या घरात वाढलेल्या माणसाला ही शैली परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

मेटल आणि सोल यांच्यामध्ये एवढी मोठी दरी असताना एकाच माणसाला दोन्ही कसे जमतात?

मेटल आणि सोल ही दरी बाजारातील आहे, वाद्यावरील नाही. डेथ मेटलच्या गिटारवादकाला उजव्या हाताची जी शिस्त लागते, म्हणजे तळहाताची कड तारांवर ठेवून आवाज तोडणे, प्रत्येक मात्रेचा अर्धा-पाव भाग सारख्या जोराने पाडणे आणि ड्रमच्या बास-पेडलशी तंतोतंत जुळणे, नेमकी तीच शिस्त फंक गिटारला लागते. फरक असा की मेटलमध्ये तुटलेल्या स्वरांच्या जागी विकृतीचा भार असतो, तर फंकमध्ये तिथे रिकामी जागा असते. फंकमध्ये आघाताइतकाच न वाजवलेला आघातही मोजला जातो. बोरूद यांच्या ध्वनिमुद्रणांत दोन्हीकडे कानाला जाणवणारी गोष्ट म्हणजे मौनाचा काटेकोरपणा : ‘सिनर्जी’मध्ये संपूर्ण बँड एका मात्रेपुरता थांबतो आणि पुन्हा उसळतो, ‘कीप मूव्हिन’मध्ये ब्रास आणि गिटार दोन आघात वगळून परततात.

दुसरे नाते आवाजाचे. खरखरीत गायनाच्या समोर स्वच्छ गायन ठेवण्याचा प्रघात मेटलमध्ये आहे, पण तिथे स्वच्छ आवाज बहुधा एकटा असतो. बोरूद जिथे गातात तिथे तो एकटा नसतो. त्याच्या शेजारी दोन-तीन स्वर उभे असतात, आणि त्यांची मांडणी गॉस्पेल गायकवृंदाची असते. २०१३च्या एक्स्टॉल अल्बममध्ये ही गोष्ट सर्वांत ठळक आहे. त्याच्या ‘अ गिफ्ट बियाँड ह्युमन रीच’ या गाण्यात सहगायनाचा उठाव ऐकला की हा माणूस घरी काय ऐकून वाढला ते ध्यानात येते.

माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीला ‘दोन टोकांमधला प्रवास’ म्हणणे ही सोय आहे, वर्णन नव्हे. वाद्यावरचे काम एकच आहे, ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवले गेले, कारण विक्रेत्यांनी आणि समीक्षकांनी कपाटे आधीच बनवून ठेवली होती.

२०१३मध्ये एक्स्टॉल परतला, तेव्हा नेमके काय बदलले?

पीटर एस्पेव्होल, डेव्हिड हुस्विक आणि ओले बोरूद अशा तिघांनी हा अल्बम केला, आणि त्याला बँडचेच नाव दिले. युरोपात इंडी रेकॉर्डिंग्ज आणि अमेरिकेत फेसडाउन रेकॉर्ड्स यांनी तो काढला. गिटारांखेरीज बासही बोरूद यांनीच वाजवला आणि स्वच्छ गायनही त्यांचेच आहे. म्हणजे पाच जणांच्या बँडचे काम तिघांनी करताना त्यांच्यावर सर्वांत जास्त भार पडला. मिक्सिंग स्वीडनचे येन्स बोग्रेन यांचे, ज्यांनी ओपेथ आणि कॅटाटोनिया या स्वीडिश मेटल बँडांसोबत काम केले आहे. आवाज त्यामुळे अतिशय स्वच्छ आणि भरदार आहे. या काळातच बँडवरील माहितीपट तयार झाला.

‘अनडिसीव्हड’चे चाहते या अल्बमवर काहीसे नाराज झाले, कारण त्यातील अंधार कमी आहे. मला ती तक्रार पटत नाही. तेरा वर्षांनी तोच अंधार पुन्हा रंगवणे म्हणजे नक्कल झाली असती, आणि मधल्या काळात सोल अल्बम केलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हते. ‘बिट्रेयल’ या सुरुवातीच्या गाण्यातील बहुपदरी सुरावट हे त्या वर्षांचे फलित आहे.

फ्लेशकिलर म्हणजे काय?

एक्स्टॉलनंतर बोरूद यांनी स्थापन केलेला बँड. त्यात खरखरीत गायन अमेरिकेच्या ‘द बरियल’ या बँडचे एलिशा मलिन्स करतात, बासवर ओले व्हिस्तनेस आणि ड्रमवर आंद्रेआस स्कोर्पे शोएन आहेत. २०१७ साली ‘अवेकन’ हा अल्बम आला. गिटार तांत्रिक, लय तुटक, पण प्रत्येक गाण्यात एक मोठा, मोकळा, गाता येण्याजोगा भाग. ही घडण ओळखीची आहे, मात्र इथे ती अधिक घट्ट बसली आहे. एक्स्टॉल आवडलेल्यांना हा अल्बम आपलाच वाटेल. सोल अल्बम आवडलेल्यांना त्यातील स्वच्छ गायनाचे भाग तरी ऐकावेत असे सुचवतो.

त्यांच्या गीतांतील धार्मिक आशय किती उघड असतो?

बँडानुसार आणि काळानुसार वेगळा. ‘बरियल’मध्ये तो सरळ प्रार्थनेच्या भाषेत आहे. ‘अनडिसीव्हड’पासून तो शंका, अपुरेपणा, फसवणूक आणि सुटका अशा अनुभवांच्या आडून येतो, ‘कन्फेशन ऑफ इनॅडिक्वसी’ हे ‘सिनर्जी’मधील गाण्याचे शीर्षकच त्याची दिशा सांगते. एकल सोल अल्बमांत श्रद्धेचा सूर संयत आहे आणि प्रेम, मैत्री, धीर अशा विषयांत मिसळलेला आहे. उपदेश ऐकायला मिळेल या भीतीने कोणी ते टाळत असेल तर टाळू नये.

नॉर्वेतील परिस्थितीही ध्यानात घ्यावी. तिथल्या चर्चचे शासनाशी असलेले घटनात्मक नाते २०१२च्या दुरुस्तीने सैल झाले आणि १ जानेवारी २०१७पासून चर्च स्वतंत्र कायदेशीर संस्था बनले. धर्म हा तिथे बव्हंशी खासगी विषय बनलेला आहे. अशा समाजात गॉस्पेलच्या घरातला माणूस आपली श्रद्धा मोठ्याने सांगण्याऐवजी संगीतात मुरवतो, यात आश्चर्य नाही.

एक्स्टॉलच्या इतर सदस्यांचे पुढे काय झाले?

स्वेन, ग्लिद्ये आणि म्योलान हे लेन्ग्सेल या बँडशीही संबंधित होते आणि एक्स्टॉलच्या विश्रांतीनंतर माजी सदस्यांनी मँट्रिक हा बँड उभा केला. नॉर्वेतील या वर्तुळात माणसे थोडी आणि बँड जास्त आहेत, त्यामुळे एकाच नावाची गाठ पुन्हा पुन्हा पडते.

नवख्या श्रोत्याने कुठून सुरुवात करावी?

कोणत्या संगीताची सवय आहे यावर अवलंबून आहे. आर. अँड बी., फंक किंवा १९७०च्या दशकातील पॉप ऐकणाऱ्याने ‘कीप मूव्हिन’ घ्यावा आणि त्यानंतर ‘स्टेपिंग अप’. मेटलची थोडी ओळख असेल तर २०१३चा ‘एक्स्टॉल’ आधी, मग मागे जाऊन ‘अनडिसीव्हड’, आणि ‘सिनर्जी’ शेवटी. थेट ‘सॉनराइज’पासून सुरुवात करू नये, ते ध्वनिमुद्रण जुने आणि संथ आहे आणि पुढचे काम माहीत असल्यावरच त्यातील बारकावे दिसतात.

एक गंमत म्हणून ‘अनडिसीव्हड’ आणि ‘शेकिन द ग्राउंड’ पाठोपाठ ऐकून पाहावेत, मध्ये काही तास न घालता. पहिल्या अल्बममधील स्वच्छ गायनाचे भाग आणि दुसऱ्यातील सहगायनाचे थर लक्षात ठेवले की, ओळींच्या शेवटी स्वर कसा वर सोडला जातो याची ओढ दोन्हीकडे सारखीच सापडते.

ही ध्वनिमुद्रणे भारतात मिळतात का?

ऑनलाइन संगीतसेवांवर यांतील बरेचसे अल्बम सापडतात, मात्र एकल अल्बम कलाकाराच्या नावाने, तर एक्स्टॉल, फ्लेशकिलर आणि शालियाख यांचे अल्बम बँडच्या नावाने शोधावे लागतात. एक्स्टॉलचे अल्बम अनेक वेगवेगळ्या कंपन्यांकडे विखुरलेले असल्याने प्रत्येक सेवेवर सगळे मिळतीलच असे नाही, आणि पुनर्प्रकाशित आवृत्ती व मूळ आवृत्ती यांत गाण्यांची संख्या वेगळी असू शकते. ‘की-रो’ आणि ‘सॉनराइज’ यांच्या जुन्या सीडी संग्राहकांच्या विक्रीत अधूनमधून येतात. त्या विकत घेताना प्रकाशकाचे नाव आणि वर्ष पाहून घ्यावे.